निवृत्ती मिस्त्रीचा चकती सायलेन्सर

पंचवटीतून दिंडोरी रोडला लागलं की डाव्या हाताला पत्र्याचे दोन गाळे एकमेकांना चिकटून उभे आहेत. एकात मैना गांगुर्डे साड्यांना फॉल-पिको करून देते. दुसऱ्यात तिचा नवरा निवृत्ती मोटारसायकलींचे सायलेन्सर उघडतो, ठोकतो, भरतो आणि वाजवून बघतो. दोन गाळ्यांच्या मधला पत्रा मैनाने हातभर कापून घेतला आहे. चहाचा कप द्यायला बरं पडतं, असं ती सांगते. खरं कारण वेगळं. नवरा गिऱ्हाइकाला काय काय कबूल करतोय, हे तिला ऐकायचं असतं.

कारण निवृत्तीला नकार देता येत नसे. कुणी काहीही मागो, तो मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "होऊन जाईल." लग्नाच्या वेळी त्याच्या बापाने एक मुलगी सुचवली, मामाने दुसरी. निवृत्ती दोघांनाही "होऊन जाईल" म्हणाला आणि चांदवडजवळच्या त्याच्या गावात एकाच रविवारी दोन जीपगाड्या भरून पाहुणे उतरले. दोन्हीकडच्या बायकांनी एकाच ओट्यावर बसून पोहे खाल्ले, आणि मग कुणीतरी कुणालातरी विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" पुढचा तासभर निवृत्ती गोठ्यात होता. त्याला तिथून मैनाने बाहेर काढलं. "हे बघा," ती म्हणाली, "माझ्याशी करायचं असलं तर आत्ता सांगा. आमची गाडी थांबलीय." तो म्हणाला, "होऊन जाईल." असं ते लग्न झालं.

तेव्हा तो बँडमध्ये होता. वरातीत जो सगळ्यात मोठा पितळी बाजा अंगाला गुंडाळल्यासारखा घेऊन एक जाडा माणूस चालतो, तो बाजा निवृत्तीकडे होता, फक्त निवृत्ती बारीक होता. लांबून बाजाच चालत येतोय असं वाटायचं. पुढे डीजे आले, बँड बंद पडला, बाजा मोडीत गेला आणि निवृत्ती नाशकात एका सायलेन्सरवाल्याकडे लागला. पहिल्याच दिवशी त्याने एक रिकामा सायलेन्सर उचलला आणि सवयीने तोंडाला लावून फुंकला. मालक हसून हसून खाली बसला. पण निवृत्ती म्हणाला, "आत डाव्या अंगाला जाळी फाटलीय." उघडून बघितलं तर फाटली उजव्या अंगाला होती, पण फाटली होती. मालकाने त्याला ठेवून घेतलं.

फुंकायची सवय मात्र सुटली नाही. आजही त्याच्या तोंडाभोवती काजळीचं एक गोल कडं असतं, आणि जेवायला बसण्याआधी मैना ते ओल्या फडक्याने पुसते. लहान पोराचं पुसतात तसं, अजिबात हळुवारपणा न दाखवता.

स्वतःचा गाळा टाकल्यावर निवृत्तीने त्याचं नाव करणारी वस्तू बनवली. तिला सगळे 'चकती सायलेन्सर' म्हणतात. सायलेन्सरच्या शेपटाला भोक नसतंच. तिथे ताटलीसारख्या पोलादी चकत्या एकावर एक ठेवून तीन बोल्टांनी आवळलेल्या असतात, आणि धूर त्या चकत्यांच्या मधल्या फटींतून बाहेर पडतो. चकत्या वाढवल्या की फटी वाढल्या. इंजिन मोकळा श्वास घेतं, वरच्या स्पीडला गाडी सुसाट पळते आणि आवाज दणदणीत होतो. चकत्या कमी केल्या की गाडी गरीब गाईसारखी चालते. मात्र एक पथ्य पाळावं लागतं. चकत्या वाढवल्या की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेटही मोठं टाकायचं. नाहीतर इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतं, आणि गाडी खोकल्यासारखे बार काढते. हे पथ्य निवृत्ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. स्वतः ते एकदा विसरला, त्याचीच ही गोष्ट.

त्या वर्षी पावसाळा सरत आला होता. एके सकाळी नाना आले. नाना म्हणजे पंचवटीतले जुने उपाध्ये, घाटावर यात्रेकरूंची कार्यं करणारे. सत्तरीला टेकलेले, उंच, कपाळाला गंध आणि बुडाखाली जुनी काळी बुलेट. ती बुलेट नानांची, पण चालवत सगळं घर. सकाळी नाना घाटावर न्यायचे, दहानंतर मुलगा विश्वेश बँकेत न्यायचा, आणि शनिवारी सून संपदा कामासाठी सुरगाण्याकडे. गाडीला निवृत्तीचाच चकती सायलेन्सर होता.

नानांनी गाडी उभी केली. ती चालूच होती. नानांनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि परत स्टार्टरचं बटण दाबलं. किर्रर्रर्र! पत्र्याच्या भोकातून मैनाने कानावर हात ठेवलेले दिसले.

"बघितलंस?" नाना ओरडूनच बोलायचे. "गाडीचा आवाज बसलाय. चालू आहे की बंद आहे, कळायला मार्ग नाही. परवा ती अशीच चालू ठेवून मी सबंध सत्यनारायण सांगून आलो."

निवृत्तीच्या लक्षात आलं की आवाज गाडीचा बसलेला नाही. पण नानांसारख्या माणसाला, तुमच्या कानाला कमी येतंय, असं म्हणायचं कसं?

"आवाज वाढव," नाना म्हणाले. "आणि विश्वेशला कळू देऊ नकोस. तो उगाच नियम सांगत बसतो."

"होऊन जाईल," निवृत्ती म्हणाला, आणि त्याने तीन चकत्या वाढवल्या. जेटही मोठं टाकलं. गाडी अशी गरजली की समोरच्या रसवंतीतला माणूस उठून उभा राहिला. नाना समाधानाने म्हणाले, "हं. आता जरा जरा येतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी विश्वेश आला. गाडी ढकलत. घाम पुसत त्याने आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली.

"निवृत्तीभाऊ, पंचवटी कारंजापासून ढकलत आणलीय. सुरू करायची हिंमत झाली नाही. परवा पोलिसांनी चौकात जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडले आणि त्यावरून रोडरोलर फिरवला. पेपरात फोटो आलाय. आमच्या मॅनेजरनं तो कापून नोटीस बोर्डावर लावलाय, आणि लावताना माझ्याकडे बघत होता."

"मग?"

"मग आवाज कमी करा. एकदम कमी. फक्त नानांना सांगू नका. त्यांना नाहीतरी ऐकू येत नाही, कळायचंच नाही."

निवृत्तीने मान तिरकी केली. भोकातून मैना खोकली. ते खोकणं विश्वेशसाठी नव्हतं हे निवृत्तीला पक्कं ठाऊक होतं, तरी त्याच्या तोंडून निघालंच, "होऊन जाईल."

शुक्रवारी संध्याकाळी संपदा आली. ती एका संस्थेत होती. सुरगाण्याच्या पाड्यांवर बायकांच्या गटांकडून नागलीची बिस्किटं करून घ्यायची आणि नाशकात आणून विकायची. येताना गाडीला दोन्ही बाजूंनी पोती असत.

"काका," ती म्हणाली, "ही गाडी चढाला जीवच धरत नाहीये. गेल्या शनिवारी घाटात मला काळीपिवळी जीपनं मागं टाकलं. आत वीस माणसं, टपावर शेळ्या. त्यातली एक शेळी माझ्याकडे बघत बघत पुढे गेली, काका. शेळी!"

निवृत्तीला तिचं दुःख समजलं. त्याने तिला बसायला स्टूल दिलं. चढाला ओझं ओढायचं तर चकत्या मध्यम ठेवायच्या आणि जेट त्या बेताचं टाकायचं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या मालकांना विचारलंय का?"

"घरी नका सांगू. नाना म्हणतील सुनेनं गाडीला हात लावला, आणि विश्वेश म्हणेल पोलीस पकडतील. गपचूप करून द्या."

पत्र्यापलीकडचं शिलाई मशीन थांबलं. निवृत्तीने तिकडे पाठ केली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "होऊन जाईल."

त्या रात्री फडक्याने तोंड पुसताना मैनाने जरा जास्तच जोर लावला. "एक गाडी, तीन माणसं, अन् तिघांना तीन शब्द! लग्नाच्या टायमाला दोन जीपा आल्या, तवा तरी शिकायचं ना."

"कोणाचं मन मोडायचं, तू सांग."

"माझं मोडा. त्याची सवय हाय तुम्हाला."

पुढचे काही आठवडे ती बुलेट गांगुर्ड्यांच्या गाळ्यात मुक्कामालाच असल्यासारखी झाली. सोमवारी नाना येऊन चकत्या वाढवून न्यायचे, मंगळवारी विश्वेश येऊन कमी करून न्यायचा, शुक्रवारी संपदा मधलं माप लावून न्यायची. प्रत्येकाला वाटायचं की आपल्या गाडीत काहीतरी जुनाट दोष आहे आणि निवृत्तीच्या हाताला आता पूर्वीचं यश राहिलेलं नाही. नाना तर घाटावर सांगू लागले, "पोरगा चांगला आहे, पण केलेलं टिकत नाही." हे निवृत्तीच्या कानावर आलं तेव्हा तो दिवसभर जेवला नाही. केलेलं टिकू नये म्हणून आपण किती कष्ट घेतोय, हे त्याला कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि मग एका सोमवारी तो घोळ झाला. नाना घाईत होते, गाळ्यासमोर आणखी चार गाड्या उभ्या होत्या. निवृत्तीने भराभर चकत्या वाढवल्या. नाना म्हणाले, "अजून." त्याने अजून एक घातली. "अजून." त्याने डब्यात होती नव्हती ती घातली. आणि आतलं जेट मात्र संपदाचं, चढाचं, बारीक, तसंच राहिलं.

तासाभराने नानांचा फोन आला. फोनवर नाना नेहमीच ओरडायचे, पण आज आवाजात आनंद होता. "निवृत्ती! अरे, आवाज आला! स्पष्ट आला! पण आता गाडी सुरू होत नाहीये. घाटावर ये बघू."

निवृत्ती पान्यांची पिशवी घेऊन घाटावर पोचला, तर समोर एक दशक्रिया चाललेली. नांदगावकडची मंडळी होती. त्यांचे आप्पा वारले होते. पिंड पत्रावळीवर मांडून झालेला, थोरला मुलगा जयराम हात जोडून उभा, त्याच्यामागे चुलते, भाऊबंद, बायका. सगळ्यांच्या माना वर. आणि वर काहीच नव्हतं. पिंपळ मोकळा, तारा मोकळ्या, देवळाचं शिखर मोकळं. गोदाघाटावर कावळ्यांची काय कमी? एरवी पत्रावळ ठेवायची फुरसत नाही. आज एकही नव्हता.

"काय झालं?" निवृत्तीने तिथल्या फुलवालीला विचारलं.

"गुरुजींची गाडी," ती म्हणाली. "थांबवताना असा बार काढला, की मी टोपलीत पडले. कावळे उडाले ते पार तपोवनाकडं गेले. ही मंडळी तवा रस्त्यावर बसमधून उतरत होती. त्यांना वाटतंय आप्पा रुसलेत."

निवृत्तीने बुलेटकडे बघितलं. शेपटाशी चकत्यांचा मनोरा, आणि आत बारीक जेट. हे आपलं पाप, त्याला जागीच उमगलं.

तिकडे मंडळींनी आप्पांना शब्द द्यायला सुरुवात केली होती. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर पिंडाला कावळा शिवत नाही, आणि ती पुरी करू असं कुणी मोठ्याने सांगितलं की शिवतो, हे सगळेच धरून चालतात.

"आप्पा," धाकटा चुलता म्हणाला, "तुमचा रेडिओ मोडीत घालणार नाय."

माना वर. काही नाही.

"आप्पा, बांधावरचं आंब्याचं झाड तोडणार नाय. तोडायचं मनात होतं, पण नाय तोडणार."

एक कबूतर आलं. त्याला सगळ्यांनी हाकललं.

"आप्पा, तुमची तंबाखूची डबी फोटोपुढं ठेवू. भरून ठेवू." हे एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी सांगितलं आणि डोळ्यांना पदर लावला.

ऊन चढू लागलं. कुणी म्हणालं आप्पांना जिलबी आवडायची, कुणी म्हणालं त्यांना शिर्डीला जायचं होतं, कुणी पुतण्या मनोजच्या दारूचा विषय काढला आणि मनोजने घाईघाईने ती सोडली. कावळा काही येईना. आता दर्भाचाच कावळा करून शिववावा का, असं नाना पुटपुटू लागले. अर्थात नानांचं पुटपुटणं पलीकडच्या तीरावर ऐकू गेलं.

तेव्हा आत्याबाईंनी जयरामकडे बघितलं. मग चुलत्याने बघितलं. मग एकेक करून सगळेच बघू लागले. आणि जयराम बघत नव्हता फक्त एकाच दिशेला. तिथे दगडी छत्रीच्या सावलीत त्याची बहीण सुलाबाई एकटी उभी होती. ती नाशकातच, सातपूरला राहायची. भाऊ-बहिणीत बोलणं बंद होतं. जयरामच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत सुलाबाईच्या नवऱ्याचं नाव छापायचं राहिलं होतं. तो छापखान्याचा घोटाळा होता, असं जयराम म्हणे. माझ्या माणसाला तुम्ही माणसात धरत नाय, असं सुलाबाई म्हणे. त्यावर एक शब्द इकडून गेला, दोन तिकडून आले, आणि त्यानंतर सुलाबाईने माहेरची दिवाळी पाहिली नव्हती. आप्पा तिला फोन करायचे ते शेतात जाऊन, चोरून.

जयरामने घसा साफ केला. "आप्पा," तो म्हणाला आणि थांबला. घामाने त्याचं कपाळ भरलं होतं. "आप्पा, दिवाळीला सुलीला आणायला मी सोता जाईन."

छत्रीखाली सुलाबाईने तोंड फिरवलं. आणि लांब, पलीकडच्या गच्चीच्या कठड्यावर, एक काळा ठिपका येऊन बसला.

"आला!" आत्याबाई कुजबुजल्या.

निवृत्तीचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच नानांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. नानांना ना कुजबुज ऐकू आली होती, ना ठिपका दिसला होता. ते बुलेटकडे बोट दाखवून म्हणाले, "तोवर तू गाडी सुरू करून बघ. मार बटण."

निवृत्तीने गाडीकडे बघितलं. कठड्यावरच्या कावळ्याकडे बघितलं. नानांचं बोट बटणाकडे निघालं होतं. निवृत्तीची मान सवयीने तिरकी होऊ लागली, शब्द ओठावर आला, आणि कुठून कोण जाणे, त्या मोठ्या बाजात फुंकायचा तसा सगळा वारा छातीत भरून तो ओरडला,

"नाय!"

सगळा घाट वळला. ज्या माणसाने आयुष्यात हा शब्द उच्चारला नव्हता, त्याला तो हळू कसा म्हणतात हे कुठून ठाऊक असणार? नानांनी हात मागे घेतला. त्यांनाही तो शब्द एकदम स्वच्छ ऐकू आला होता.

पण खरा हादरला तो जयराम. त्याच्या पाठीमागून, ऐन शब्द दिल्यावर, कुठूनसा जाड आवाजात नकार आला होता. मागे वळून बघायचंही त्याला धैर्य झालं नाही. "आप्पा!" तो आकाशाकडे बघून रडकुंडीला येत म्हणाला, "पत्रिका नवी छापतो! परत वास्तुशांत घालतो! दाजींचं नाव सगळ्यात वर घालतो, माझ्या नावाच्या वर!"

कावळा उतरला. आधी पायरीवर, मग पत्रावळीजवळ. त्याने मान वाकडी करून मंडळींचा अंदाज घेतला आणि पिंडाला चोच मारली.

बायकांनी मोठ्याने रडून घेतलं. मनोज सगळ्यात जास्त रडला. जयराम तसाच ओल्या धोतराने छत्रीकडे गेला, आणि भाऊ-बहीण समोरासमोर उभे राहिले. सुलाबाई म्हणाली, "आडनाव नीट छाप म्हंजे झालं. मागच्या पत्रिकेत माझंबी चुकलं होतं."

निवृत्तीने गाडी तिथे सुरू केली नाही. ढकलत गाळ्यावर आणली. नाना शेजारून चालत होते आणि वाटेत चारदा त्यांनी विचारलं, "तू मला नाही म्हणालास?" चारही वेळा निवृत्ती म्हणाला, "हो नाना." त्याला स्वतःलाही अजून खरं वाटत नव्हतं.

गाडी घरी नाही म्हणून विश्वेश गाळ्यावर येऊन थांबला होता. त्याला शोधत संपदा आली होती. तिघंही एका गाडीभोवती उभे राहिले आणि प्रत्येकाने दुसऱ्याकडे संशयाने बघितलं.

"निवृत्तीभाऊ, ह्या इतक्या चकत्या कुणी घातल्या?" विश्वेशने विचारलं.

निवृत्तीने तोंड उघडायच्या आत भोकातून मैनाचं अख्खं डोकं बाहेर आलं. तोंडात टाचणी होती, ती तिने काढली. "सोमवारी तुमचे वडील घालतात, मंगळवारी तुम्ही काढता, अन् शुक्रवारी वहिनी निम्म्या घालतात. तिघांनी मिळून माझ्या नवऱ्याचं नाव घालवलंय. बोला आता."

संपदाच आधी हसली.

निवृत्तीला वाटलं, एकदा नाही म्हटलंच आहे तर आजच्या आज सगळं उरकून घ्यावं. तो नानांच्या कानाशी गेला आणि म्हणाला, "नाना, गाडीचा आवाज बसलेला नाय. तुमचे कान बसलेत."

नानांनी त्याच्याकडे बघितलं. मग मुलाकडे. मग सुनेकडे. सगळे दुसरीकडे बघू लागले. "हे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं. विश्वेश खाली बघून म्हणाला, "गल्लीला माहीत आहे, नाना."

तिसऱ्या दिवशी संपदा त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि मशीन बसवून आणलं. त्यानंतर पंचवटीत नवीनच त्रास सुरू झाला. नानांना सगळं ऐकू येऊ लागलं. शेजारच्यांचा मिक्सर, भाजीबाजारातली ओरड, रिक्षांचे भोंगे, घंटा, आणि मुख्य म्हणजे इतकी वर्षं आपल्या माघारी लोक आपल्याविषयी काय मोठमोठ्याने बोलतात ते. ते तरातरा गाळ्यावर आले आणि म्हणाले, "निवृत्ती, ही गाडी आहे की रणगाडा? आवाज कमी कर. आणखी कमी कर. माणसाने सहन तरी किती करायचं?"

आता चकत्या कायमच्या कमी झाल्या. विश्वेश सिग्नलला ताठ मानेने उभा राहू लागला. संपदाला निवृत्तीने तीन बोल्ट कसे सोडवायचे, जेट कसं बदलायचं ते शिकवलं. शनिवारी घाटाच्या पायथ्याशी थांबून ती आपलं माप लावते आणि परतताना काढते. ती शेळी पुन्हा भेटली नाही. भेटली तर आता आपण तिला मागे टाकू, असं ती म्हणते.

निवृत्तीला मात्र त्या शब्दाची चटक लागली. आठवडाभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला "नाय" म्हणत सुटला. चहावाल्याला, वर्गणीची पावती फाडणाऱ्याला, विनाकारण. मैनाचा भाऊ ओझरहून गाडी घेऊन आला तर त्यालाही म्हणाला. त्या दिवशी जेवायला नुसती भाकरी मिळाली, आणि तोंड त्याचं त्यालाच पुसावं लागलं. मग तो जरा ताळ्यावर आला.

घाटावर जे झालं त्यातलं खरं कारण जयरामला सांगावं की नाही, हा किडा त्याच्या डोक्यात बरेच दिवस होता. त्याने मैनाला विचारलं. मैनाने मशीनची सुई ओवता ओवता विचार केला. "कावळा तुमच्या गाडीमुळं गेला," ती म्हणाली. "पण जीभ तर त्या जयरामाची होती ना? शब्द त्यानं दिला, तुम्ही नाय." निवृत्तीला हे पटलं. निदान पटवून घेणं सोयीचं होतं.

दिवाळीच्या तोंडावर गाळ्यासमोर एक मोटारसायकल थांबली. पुढे जयराम, मागे नवं लुगडं नेसलेली सुलाबाई, मांडीवर फराळाची पिशवी. नानांकडून पत्ता घेऊन आले होते. त्या दिवशी घाटावर पाठीमागून "नाय" ओरडलेला माणूस हाच, हे जयरामला ठाऊक नव्हतं. निवृत्तीनेही ते काढलं नाही.

"मिस्त्री, तुमचा तो चकत्यांचा सायलेन्सर बसवायचाय," जयराम म्हणाला. "बहिणीचा हट्ट हाय."

"ताईंचा?"

"हो, माझा," सुलाबाई म्हणाली. "इतक्या वरसांनी माहेरी चाललेय. गुपचूप जाऊन उतरायचं का? वेशीपासून घरापर्यंत एकेकीनं दारात यायला पायजे. तुमच्याकडं असंल तेवढा आवाज भरा."

निवृत्तीने काम हातात घेतलं. नळी कापली, जाळी ठोकली, काचेची लोकर भरली, एकदा तोंडाला लावून फुंकून बघितलं. सुलाबाईने ते बघून तोंडाला पदर लावला. त्याने मोजक्याच चकत्या आवळल्या. बाकीच्या, जेटसकट, कागदात गुंडाळून पान्याबरोबर तिच्या हातात ठेवल्या.

"ह्या आत्ता नाय. नाशकात पोलीस हायेत, रोलर हाय. मनमाड सोडलं की थांबायचं, आधी जेट बदलायचं, अन् मग ह्या घालायच्या. ध्यानात ठेवा. आधी जेट." हे त्याने तीनदा सांगितलं, आणि जयरामकडून परत म्हणवून घेतलं.

सुलाबाईने ती पुडी करंज्यांच्या डब्यावर ठेवली आणि पिशवीचं तोंड बांधलं. गाडी गरीब गाईसारखी दिंडोरी रोडवरून निघून गेली.

संध्याकाळी निवृत्ती हात धूत होता तेव्हा फोन वाजला. जयरामचा नंबर. निवृत्ती हॅलो हॅलो म्हणत राहिला, पलीकडून कुणी बोलेना. फक्त आवाज येत होता. धड, धड, धड, धड. मग कुत्री भुंकली, पोरं ओरडली, कुठलीशी म्हातारी किंचाळली, "अगं सुली! सुलीच हाय!", आणि त्या सगळ्याच्या वर ती गाडी, एकसारखी, भरल्या गळ्याने.

मैना फडकं ओलं करून शेजारी येऊन उभी राहिली. निवृत्तीने फोनचा आवाज वाढवून मधे धरला. दोघं बराच वेळ ऐकत राहिले.

"चांगला वाजतोय," मैना म्हणाली.

"वाजतोय," निवृत्ती डोळे मिटून म्हणाला, "पण एक चकती जास्त झालीय."